अर्ली डिसिजनने प्रवेशाची शक्यता खरंच चौपट होते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा पुण्यात बारावी सायन्सला आहे, पुढच्या वर्षी अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स शिकायचं आहे. ब्राऊन विद्यापीठाचा अर्ली डिसिजनचा (ईडी: नोव्हेंबरात एकाच कॉलेजला अर्ज, आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं बंधन) प्रवेशदर १४ टक्क्यांच्या आसपास दिसतो, रेग्युलरचा, म्हणजे जानेवारीतल्या नेहमीच्या फेरीचा, ४ टक्क्यांच्याही खाली. 'म्हणजे ईडी केलं तर शक्यता जवळजवळ चौपट ना? आमची तयारी वर्षाला २५ लाखांपर्यंत आहे. ब्राऊनला ईडी करावं की बंधन नसलेल्या ठिकाणी अर्ली अ‍ॅक्शन?'

शक्यता वाढते, पण चौपट होत नाही. आणि ती जितकी वाढते तिची किंमत तुम्ही आधीच मोजलेली असते: निकाल लागल्यावर चार ठिकाणचे आर्थिक प्रस्ताव शेजारी ठेवून निवडायचा हक्क तुम्ही अर्ज करतानाच सोडलेला असतो. म्हणून खरे प्रश्न दोन आहेत. तुमच्या मुलासाठी, म्हणजे खेळाडू कोट्यातून न जाणाऱ्या, आईवडील तिथे न शिकलेल्या, भारतातून अर्ज करणाऱ्या मुलासाठी, हा फरक किती उरतो? आणि वर्षाला २५ लाखांच्या मर्यादेत हे बंधन तुम्हाला झेपतं का? उत्तर बरंचसं मुलाच्या अकरावीच्या गुणांवर आणि तुमच्या मालमत्तेच्या तपशिलावर अवलंबून आहे. ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे जिथे उत्तर बदलतं तिथे तसं सांगते.

आधी आकडे. २०२४ मध्ये दाखल झालेल्या तुकडीसाठी ब्राऊनला ईडीतून ६,२४४ अर्ज आले, त्यातले ८९८ स्वीकारले गेले, म्हणजे १४.४ टक्के. सगळ्या फेऱ्या मिळून अर्ज ४८,८९८ आणि प्रवेश २,५२१. वजाबाकी केली की रेग्युलरला उरतात ४२,६५४ अर्ज आणि १,६२३ प्रवेश, म्हणजे ३.८ टक्के. त्याच वर्षी डार्टमथमध्ये ईडीचे ३,५५० अर्ज आणि ६०६ प्रवेश, १७.१ टक्के, एकूण मात्र ३१,६५७ अर्जांवर १,६८५ प्रवेश, ५.३ टक्के. तुम्ही पाहिलेला चौपटीचा फरक कागदावर खरा आहे.

आता त्याच वर्षीचं एमआयटी पाहा. तिथे अर्ली अ‍ॅक्शन आहे, बंधन नाही. १२,५६३ अर्जांतून ६६१ प्रवेश, ५.३ टक्के. एकूण २८,२३२ अर्जांतून १,२७५ प्रवेश, ४.५ टक्के. उरलेल्यांचा दर काढला तर ३.९ येतो. इथे ५.३ विरुद्ध ३.९, तिकडे १४.४ विरुद्ध ३.८. हा फरक कुठून येतो ते कळलं की तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देत नाही, आणि निवड झालेला विद्यार्थी येईलच अशी हमीही तिला मिळत नाही. ब्राऊन-डार्टमथच्या ईडीत या दोन्ही गोष्टी असतात.

पहिली गोष्ट अर्जदारांच्या गर्दीची. आयव्ही लीगमधले, म्हणजे ब्राऊन, डार्टमथ, हार्वर्ड अशा आठ नामांकित विद्यापीठांच्या गटातले प्रशिक्षक ज्या खेळाडूंना आधीच हेरून ठेवतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना ते अर्ली फेरीतच अर्ज करायला सांगतात. प्रवेशातल्या भेदभावावरून हार्वर्डविरुद्ध झालेल्या खटल्यात न्यायालयासमोर आलेल्या आकडेवारीत अशा खेळाडूंचा प्रवेशदर ८० टक्क्यांहून जास्त होता. माजी विद्यार्थ्यांची मुलंही अर्ली फेरीत जास्त प्रमाणात असतात. शिवाय सप्टेंबरातच सगळी कागदपत्रं तयार ठेवणारा अर्जदार सरासरीने तगडा असतो. त्याच्या शाळेत पूर्णवेळ समुपदेशक असतो, एसएटी ही अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची परीक्षा जूनमध्येच झालेली असते. हा दर एका वेगळ्या गर्दीचा आहे, तो तुमच्या मुलाला जसाच्या तसा लावता येत नाही.

निव्वळ समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. एका कॉलेजला ईडीचे १,००० अर्ज आले, १५० प्रवेश दिले, दर १५ टक्के. त्यात हेरलेले खेळाडू आणि तत्सम विशेष गटाचे १०० अर्ज होते आणि त्यातल्या ७० जणांना प्रवेश मिळाला. मग उरलेल्या ९०० अर्जांना उरले ८० प्रवेश, दर ८.९ टक्के. भारतातून अर्ज करणाऱ्यांचा गट वेगळा काढला तर तो आणखी खाली येतो, कारण आर्थिक मदत मागणारे परदेशी अर्जदार खूप आणि त्यांच्यासाठीच्या जागा मोजक्या. एमआयटीसारख्या ठिकाणी परदेशी विद्यार्थी वर्गाच्या साधारण दहा टक्केच असतात. या हिशेबातले माझे अंक बदलून पाहा; विशेष गट थोडा मोठा धरला तरी 'चौपट' चटकन 'दुप्पट'वर येतं.

वजाबाकीने काढलेल्या रेग्युलरच्या दरातही एक गफलत असते. अर्ली फेरीत डिफर झालेल्या, म्हणजे निर्णय पुढे ढकललेल्या मुलांपैकी ज्यांना मार्चमध्ये प्रवेश मिळतो, ते वरच्या १,६२३ सारख्या आकड्यात मोजले जातात. पण त्यांचे अर्ज खालच्या ४२,६५४ मध्ये नसतात. म्हणजे थेट रेग्युलरला अर्ज करणाऱ्याचा खरा दर छापील आकड्याहून किंचित कमीच असतो. ही दुरुस्ती ईडीच्या बाजूने जाते, पण लहान आहे.

दुसरी गोष्ट हमीची, आणि ईडीचा जो काही खरा फायदा आहे तो इथून येतो. ब्राऊनच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात साधारण १,७०० जागा. ईडीचे ८९८ जवळपास सगळे येणारच, म्हणजे डिसेंबरातच अर्ध्याहून जास्त वर्ग भरला. रेग्युलरमध्ये निवडलेल्यांपैकी कितीजण दुसरीकडे जातील हे कॉलेजला ठाऊक नसतं. म्हणून दोन सारख्या अर्जांत, जो 'तुम्ही घेतलंत तर मी येणारच' असं सही करून सांगतो त्याच्याकडे कॉलेज झुकतं. अर्ज सीमारेषेवरचा असेल तर हे वजन कामी येतं. गुण किंवा एसएटी त्या कॉलेजच्या पट्ट्याच्या खूप खाली असेल तर ईडीने काहीही वाचत नाही, उलट एकुलती एक संधी वाया जाते.

हे आकडे स्वतः पाहायचे असतील तर विद्यापीठाच्या नावासोबत 'कॉमन डेटा सेट' शोधा; विद्यापीठ स्वतःच प्रसिद्ध करतं ते प्रवेशाच्या आकड्यांचं पत्रक. सी-२१ मध्ये ईडीचे अर्ज आणि प्रवेश मिळतील, पण ज्यांच्याकडे ईडीच्या दोन फेऱ्या आहेत त्यांचा आकडा तिथे एकत्र असतो. सी-७ मध्ये 'अर्जदाराने दाखवलेला रस' विचारात घेतात का ते कळतं. तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा भाग एच-६: परदेशी विद्यार्थ्यांपैकी कितीजणांना मदत मिळाली आणि सरासरी किती. तिथे विद्यार्थी मोजकेच दिसले तर त्या कॉलेजात २५ लाखांत शिकण्याची आशा धरू नये.

आता पैशांबद्दल, आणि इथे मी थोडी थांबणार आहे, कारण ईडीत माणसं फसतात ती इथेच.

२५ लाख म्हणजे आजच्या दराने साधारण २८ हजार डॉलर. ब्राऊनचा राहणं-जेवण धरून वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या वर आहे. आजचा खर्च ९२ हजार धरला आणि वर्षाला ४ टक्के वाढ धरली, तर चौथ्या वर्षी तो १ लाख ३ हजारांपुढे जातो. म्हणजे पहिल्याच वर्षी ६० हजारांहून जास्त मदत लागणार.

ब्राऊन २०२५ च्या तुकडीपासून परदेशी अर्जदारांसाठीही नीड-ब्लाइंड झालं आहे, म्हणजे मदत मागितली म्हणून अर्ज मागे पडत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अ‍ॅमहर्स्ट, बोडन हीही त्या छोट्या यादीत आहेत. याउलट स्टॅनफर्ड, कॉर्नेल, ड्यूक अशा ठिकाणी परदेशी अर्जदाराला किती पैसे लागतील हे निवडीच्या वेळी पाहिलं जातं. कॉर्नेल किंवा ड्यूकला ६० हजारांची गरज असलेला अर्ज ईडीत टाकला तरी हमीचं वजन पैशांच्या वजनापुढे बरंचसं नाहीसं होतं.

पण नीड-ब्लाइंड असलं तरी 'गरज' किती ते कॉलेज ठरवतं, तुम्ही नाही. सीएसएस प्रोफाइल नावाचा आर्थिक मदतीचा फॉर्म १ ऑक्टोबरला खुला होतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. त्यात पगारासोबत एफडी, म्युच्युअल फंड, राहतं घर, दुसरा फ्लॅट, शेतजमीन, व्यवसाय सगळं विचारतात. भविष्य निर्वाह निधीसारखी निवृत्तीची रक्कम वेगळ्या रकान्यात जाते. मराठी घरांत ठेच लागते ती इथे: भाड्याने दिलेला वाकडचा फ्लॅट पालकांच्या डोक्यात 'मुलीच्या लग्नासाठी' असतो, कॉलेजच्या हिशेबात तो विकता येणारी मालमत्ता असतो. सातबारा आजोबांच्या नावावर असेल तर ती तुमची मालमत्ता नाही, ती लिहू नका. पण तुमचं नाव लागलेलं असेल तर लपवूही नका. फॉर्म १६, आयकर विवरणपत्र आणि बँकेचे दाखले मागवले जातात आणि विसंगती लगेच दिसते.

त्यामुळे क्रम असा ठेवा. ईडीचं कॉलेज ठरवण्याआधी त्याच्या वेबसाइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता तुम्हाला किती भरावं लागेल याचा अंदाज देणारं) प्रामाणिक आकडे घालून चालवा. बरीचशी कॅल्क्युलेटर्स अमेरिकन कुटुंबांसाठी बनलेली असतात, म्हणून आकडा अंदाज म्हणूनच घ्या आणि आर्थिक मदत कार्यालयाला ईमेल करून परदेशी कुटुंबाचं उत्पन्न ते कसं मोजतात ते विचारा. उत्तर २८ हजार डॉलरच्या आसपास किंवा खाली आलं तरच ईडी. ४०-४५ आलं तर 'बघू, नंतर बोलू' म्हणून सही करू नका. मदत अपुरी असेल तर ईडीतून सुटका मिळते हे खरं आहे, पण ती घासाघीस नव्हे. तुम्ही कागदपत्रांसह फेरविचार मागता, ते पुन्हा पाहतात, आणि तरीही जमलं नाही तर सोडतात. यात डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे जातात आणि रेग्युलरच्या मुदती १ ते ५ जानेवारीला येऊन ठेपतात. बाकीच्या कॉलेजांचे निबंध तयार नसतील तर मूल अडकतं.

आणखी एक चूक वारंवार दिसते: 'मदत मागितली तर घेणार नाहीत' म्हणून अर्जात 'नाही' लिहायचं आणि दुसऱ्या वर्षापासून मागू असं ठरवायचं. अनेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही.

गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देणाऱ्या कॉलेजांचं गणित उलटं आहे. त्यांची शिष्यवृत्ती मुलाला ओढून आणण्यासाठी असते. जो येणारच म्हणून सही करून बसला आहे त्याला ओढायची गरज फारशी उरत नाही. तिथे ईडी करण्यात मला अर्थ वाटत नाही.

तुमचा दुसरा पर्याय अर्ली अ‍ॅक्शनचा. यात बंधन नसतं. १ नोव्हेंबरच्या सुमारास अर्ज आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत निकाल. पर्ड्यू, इलिनॉय, मेरीलँड, विस्कॉन्सिन यांची मुदत १ नोव्हेंबर. जॉर्जिया टेकची राज्याबाहेरच्यांसाठीची मुदतही त्याच सुमारास. कॉम्प्युटर सायन्ससाठी इथे अर्लीतच अर्ज करावा, पण विद्यापीठाचा एकूण दर पाहून हुरळून जाऊ नका. इलिनॉयसारख्या ठिकाणी विभागवार निवड होते आणि सीएसचा दर एकूण दराच्या कितीतरी खाली असतो. ब्राऊनमध्ये अशी विभागवार निवड नसते. पैशांची अडचण मात्र इथेही आहे. पर्ड्यूचा खर्चही परदेशी विद्यार्थ्याला राहण्या-जेवण्यासह ४५ हजार डॉलरच्या घरात जातो आणि सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांना गरजेवर मदत सहसा देत नाहीत. २८ हजारांत बसवायचं तर परदेशी मुलांनाही गुणांवर शिष्यवृत्ती देणारी, यूटी डॅलससारखी, दोन-तीन विद्यापीठं यादीत हवीतच. त्यांच्या शिष्यवृत्तीची मुदत प्रवेशाच्या मुदतीच्या आधी असू शकते, ती वेगळी लिहून ठेवा.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचा प्रकार तिसरा: यायचं बंधन नाही, पण इतर खासगी विद्यापीठांत अर्ली अर्ज करता येत नाही. सरकारी विद्यापीठांत बंधन नसलेला अर्ज चालतो. हार्वर्ड बहुतेक अर्ली अर्जदारांना डिफर करतं; येलने मात्र २०२४ च्या तुकडीसाठी साधारण ७० टक्क्यांना डिसेंबरातच सरळ नकार कळवला. म्हणून येलचं 'डिफर' हे हार्वर्डच्या 'डिफर'पेक्षा बरंच जास्त काही सांगून जातं. ईडीसोबत दुसरीकडे अर्ली अ‍ॅक्शन चालतं का, याचा नियम प्रत्येक विद्यापीठ वेगळा लिहितं. ऐकीव माहितीवर जाऊ नका, त्यांचं पान वाचा.

महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांसाठी एक मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो कुठल्याच तक्त्यात नसतो. १ नोव्हेंबरच्या अर्जात शेवटची अधिकृत गुणपत्रिका अकरावीची असते. आपल्याकडे इंटिग्रेटेड कॉलेजांत अकरावी वाऱ्यावर सोडलेली असते. सगळं लक्ष जेईईवर, वर्गात नावापुरती हजेरी, वार्षिक परीक्षेत जेमतेम ६५ टक्के. दहावीला ९५ आणि अकरावीला ६५ असा आलेख अमेरिकेत वाचणाऱ्याला घसरण म्हणूनच दिसतो, त्याला जेईईचं कारण आपोआप कळत नाही. अकरावी अशी असेल आणि बारावीची सहामाही किंवा प्रिलिम चांगली जाण्याची खात्री असेल, तर नोव्हेंबरची ईडी सोडा. रेग्युलर किंवा ईडी-टू घ्या. ईडी-टूची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला असते, निकाल फेब्रुवारीत, बंधन तेच. व्हँडरबिल्ट, एमरी, एनवाययू, टफ्ट्स, जॉन्स हॉपकिन्स इथे ती फेरी आहे, ब्राऊनमध्ये नाही. अकरावीला ९० च्या पुढे असेल तर मात्र नोव्हेंबर तुमच्या बाजूने आहे.

कॉलेजची कामं ऑगस्टमध्येच सुरू करा. कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट, १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी खुलं होतं. 'काउन्सेलर' म्हणून प्राचार्य किंवा उपप्राचार्य चालतात, पण त्यांचा ईमेल कॉलेजचा असलेला बरा. गुणपत्रिका, शाळेची माहिती, शिफारसपत्र त्यांनी भरायचं असतं आणि ईडी करारावर मूल, पालक आणि ते अशा तिघांच्या सह्या लागतात. काउन्सेलरची सही राहिली की ईडीचा अर्ज अपुरा राहतो. सहामाहीचे गुण आणि दिवाळीची सुट्टी नेमकी १ नोव्हेंबरच्या मुदतीच्या सुमारास येते. ऑफिसला कुलूप लागल्यावर शिक्का कोण मारणार? गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती सप्टेंबरातच घेऊन ठेवा. ईडीची सही एकाच कॉलेजसाठी करायची हे प्राचार्यांना स्पष्ट सांगा. करार मोडला तर त्याची झळ त्याच कॉलेजातून पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या मुलांना बसू शकते. अमेरिकेत एका विद्यापीठाने अशा कारणावरून एका शाळेला वर्षभर ईडी बंद केली आहे.

ब्राऊनला एसएटी किंवा तिच्यासारखीच एसीटी लागतेच. एसएटी देणार असाल तर ऑगस्टची परीक्षा मुख्य धरा आणि ऑक्टोबरची राखीव. जेईई मेनच्या जानेवारी सत्राचा फॉर्मही भरून टाका, कारण तो ईडीच्या निकालाआधीच बंद होतो.

एवढ्यावरून तुमच्यासाठी माझा कल सांगते. अकरावीला ९० च्या आसपास, एसएटी १५००च्या पुढे, आणि कॅल्क्युलेटरच्या अंदाजाने तुमचा वाटा २८ हजार डॉलरपर्यंत येत असेल, तर ब्राऊनला ईडी करा. सोबत त्यांच्या नियमात बसतील ती सरकारी विद्यापीठं अर्ली अ‍ॅक्शनला टाका आणि रेग्युलरसाठीचे सहा-सात अर्ज १० डिसेंबरपर्यंत लिहून ठेवा. दुसरा फ्लॅट किंवा मोठी एफडी असेल आणि अंदाज ४०च्या पुढे जात असेल, तर ईडी नको. गुणांवर शिष्यवृत्ती देणारी कॉलेजं अर्लीत आणि नीड-ब्लाइंड कॉलेजं रेग्युलरला. अकरावी कच्ची असेल तर नोव्हेंबरात फक्त सरकारी विद्यापीठं, आणि प्रिलिमचे गुण हातात आल्यावर ते मिड-इयर रिपोर्टमधून, म्हणजे काउन्सेलरने वर्षाच्या मध्यात पाठवायच्या गुणांच्या अहवालातून, सगळीकडे पाठवा. ब्राऊनने डिफर केलंच तर जानेवारीत एकच पानभर पत्र: प्रिलिमचे गुण, ऑक्टोबरनंतर खरोखर नवीन झालेली एखाद-दुसरी गोष्ट, आणि 'प्रवेश मिळाला तर मी येईन' हे एक वाक्य, तेही खरं असेल तरच.